हौसेला मोल असतं: साठवलेले पैसे कसे खर्चावेत

माझा मामेभाऊ साताऱ्याच्या एमआयडीसीत लागला त्याला वर्ष झालं. हातात पगार १४,०००, राहायला घरीच, आणि दिवाळीच्या बोनससकट खात्यात २४,००० साठलेले. मनात मात्र चार गोष्टी: गिअरची सायकल, धावायचे बूट, मित्रांबरोबर गोवा आणि मोबाइल. चारही एकदम होणार नाहीत हे त्यालाही कळत होतं. मग कुठलं आधी? त्याला जी रीत सांगितली तीच इथे मांडतो.

हौसेचे पैसे आधी वेगळे काढा. घरी द्यायचे पैसे, बसभाडं, रिचार्ज असं धरून त्याला महिन्याला ९,००० लागतात. नोकरी कंत्राटी, त्यामुळे निदान एका महिन्याचा खर्च हात न लावता ठेवायचा. उरले १५,०००. हे दुसऱ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला यूपीआय जोडू नका. पोवई नाक्यावर चहा-वडापाव खाताना स्कॅन करून करून दोन-तीन हजार कधी जातात, पत्ता लागत नाही.

किंमत शिलकीत मोजा. चौदा हजारांची सायकल म्हणजे एक महिन्याची हजेरी, असा त्याचा हिशोब. पण हजेरीतले नऊ हजार तर घरातच जातात. महिन्याला मागे पडतात ५,०००. म्हणजे सायकल झाली जवळजवळ तीन महिन्यांची. चार हजारांचे बूट म्हणजे चोवीस-पंचवीस दिवसांचे. यादीत प्रत्येक गोष्टीपुढे हा आकडा लिहा, आणि ती पहिल्यांदा हवीशी वाटली ती तारीखही. सप्टेंबरात सातारा हिल मॅरेथॉनच्या आसपास अख्ख्या गावाला धावायचे बूट हवे असतात. नोव्हेंबरातही हवे असतील तर गोष्ट वेगळी.

मागून येणारा खर्च धरा. हे सांगायचा अधिकार मला अनुभवाने मिळालाय. कासचं पठार फुललेलं असताना मी सायकल घेतली. पंचवीसेक किलोमीटर तर आहे, दर रविवारी जाऊ, असं मनात होतं. मग हेल्मेट, दिवा, कुलूप, पंप, सर्व्हिसिंग. यवतेश्वरचा घाट दोनदा चढलो, त्यातही दुसऱ्या वेळी अर्धा घाट सायकल हातात धरून. आता तिच्यावर आई गोधडी वाळत घालते. गोव्याचंही तसंच: मित्र सांगतात तो आकडा खोलीचा आणि पेट्रोलचा, खाण्यापिण्याचा कुणी सांगत नाही.

आधी मागून वापरा. माझी सायकल मी भावाला दिली. दोन रविवार पहाटे सहाला घाट चढ, म्हटलं, तिसऱ्या रविवारी मी न उठवता उठलास तर नवी घे. दुसऱ्याच रविवारी साहेब झोपले होते. पळायला मात्र तो रोज जात होता, तेही झिजलेल्या सँडलवर.

हप्त्याच्या मोहाला थांबवा. "दादा, बिनव्याजी हप्त्यावर घेतली तर आत्ताच मिळंल की," हे त्याने दोनदा विचारलं. बिनव्याजी हप्त्यात बँक सहसा व्याज लावतेच, तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी देते. क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्या माथी येतो, कधी प्रोसेसिंग फीही. रोखीवर मिळणारी सूट जाते ती वेगळीच. म्हणून दुकानात दोन प्रश्न विचारा: रोख दिले तर किती, आणि हप्त्यावर सगळं मिळून किती? मोठ्या वस्तूसाठी बँकेत सहा महिन्यांची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव, लावणं बरं. मित्रांच्या भिशीचंही मला वावडं नाही, कारण चारचौघांच्या लाजेने हप्ता चुकत नाही. फक्त पैसे कोणाकडे जमतात ते बघून घ्या.

जुना मोबाइल घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे मोबाइलचा ओळख क्रमांक, काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. काळ्या यादीतला असेल तर तिथे कळतं. विकणारा नंबर दाखवायला कां-कूं करू लागला तर उठून चालू लागा.

शेवटी भावाने ४,२०० चे बूट घेतले, पायात घालून, संध्याकाळी पाय सुजलेले असताना मापून. गोवा मित्रांनीच रद्द केलं. मोबाइलसाठी आरडी चालू आहे, आणि ५०० रुपये मी त्याला बिनहिशोबी उडवायला सांगितले; त्याचे कंदी पेढे आणून त्याने घरी वाटले.

एक राहिलं. बिल हातात आल्या आल्या त्याचा फोटो काढून ठेवा. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, आणि सोल नेमका त्यानंतरच निघतो.