कूर्गची कच्ची कॉफी घरच्या कढईत कशी भाजावी

कूर्ग-चिकमगळूरला जाऊन आलेल्या घरात कॉफी पावडरीची पाकिटं हमखास सापडतात. पुढच्या वेळी पावडर नको, कच्च्या बिया मागा. भारतातले बहुतेक कॉफी उत्पादक 10 हेक्टरच्या आतले, म्हणजे लहान बागांचे मालक. ज्यांच्या होमस्टेत उतरता त्यांच्याच अंगणात डिसेंबर-जानेवारीत फळं वाळत पडलेली असतात.

घेताना ‘प्लँटेशन’ आहे की ‘चेरी’, हे आधी विचारा. गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका (कॉफीची एक जात) म्हणजे प्लँटेशन. चव स्वच्छ, किंचित आंबटसर. अख्खं फळ सालीसकट वाळवलं की ती चेरी. चवीला जड, दुधात टिकणारी. टरफल काढून दिलेल्याच बिया घ्या, घरी ते सोलणं वैतागाचं काम आहे.

भाजण्याआधी निवडा. काळ्या, फुटक्या, टाचणीएवढं भोक पडलेल्या (ती बोरर नावाच्या किडीची करामत) बिया काढून टाका. मग जाड बुडाची लोखंडी कढई मध्यम आचेवर तापवून त्यात 150 ग्रॅम बिया घाला. जास्त घेतल्या तर काही करपतात, काही कच्च्या राहतात. खिडक्या उघड्या ठेवा, धूर होतोच.

आता हात थांबवायचा नाही. हिरवट बिया पिवळ्या होतात, गवतासारखा वास जाऊन खरपूस वास येतो, रंग तपकिरी होतो. साधारण 8-10 मिनिटांनी लाह्या फुटल्यासारखा तडतडाट सुरू होतो. इथून पुढे डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवा. कोरी प्यायची असेल तर तडतड ओसरताच उतरवा. दुधाच्या फिल्टर कॉफीसाठी आणखी थोडं थांबा. दुसरी, बारीक आणि भरभर तडतड लागली की लगेच गॅस बंद. त्यापुढे नुसता कडवटपणा.

बिया कढईत ठेवू नका, त्या भाजतच राहतात. स्टीलच्या परातीत पसरून पंख्याखाली गार करा आणि मग सुपात घेऊन गॅलरीत पाखडा. स्वयंपाकघरात पाखडलंत तर पापुद्रे आठवडाभर सापडतील.

वजन साधारण 15 टक्के घटतं. आतला वायू निघून जायला डबा एक दिवस सैल झाकणाने ठेवा, मग घट्ट लावा. दळायचं लागेल तेवढंच. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) घालायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. इतकी मेहनत केल्यावर माझा हात तरी तिकडे वळत नाही. उरलेल्या कच्च्या बिया पावसाळ्याआधी हवाबंद डब्यात भरा, दमट हवेत त्यांना बुरशी येते.