आल्प्समध्ये सायकलची सुट्टी: एकच खोरं धरा आणि आठवडाभर तिथेच राहा

आल्प्सची सुट्टी ठरली की आपल्याकडे पहिल्यांदा नकाशा पसरला जातो आणि सात दिवसांत फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया असं सगळं बसवायची खटपट सुरू होते. माउंटन बायकिंगसाठी जात असाल तर हे करू नका. एक खोरं निवडा आणि तिथेच मुक्काम ठोका. एखादा उतार अंगवळणी पडायला त्याच्यावरून तीनदा तरी जावं लागतं. पहिल्या फेरीत नजर पुढच्या चाकासमोरच्या दगडाला चिकटलेली असते; तिसऱ्या फेरीत ती वळणापलीकडे जाते आणि खांदे सैल सुटतात. खरी मजा तिथून पुढे आहे.

खोरं कोणतं?

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी पोर्त द्यु सोलेई सुचवतो. जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेला, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर पसरलेला हा मुलूख. फ्रान्सच्या बाजूला मोर्झीन, ले जे, आव्होरियाझ, शातेल. स्वित्झर्लंडच्या बाजूला शाँपेरी, ले क्रोझे. हिवाळ्यात स्कीइंगवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्ट (तारेवरून डोंगर चढणाऱ्या खुर्च्या आणि पाळणे) उन्हाळ्यात सायकली वर नेतात. ले जेमध्ये २००४ आणि २०२२ साली माउंटन बाइकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, शाँपेरीत २०११ साली. तरीही इथे नवख्यांसाठी सोप्या वाटा भरपूर आहेत, आणि घरातलं कुणी सायकल चालवणारं नसेल तर त्यालाही पायी हिंडायला जागा आहे. ऑस्ट्रियात झालबाख आणि लेओगांग, इटलीत लिव्हिन्यो, स्वित्झर्लंडमध्ये लेंझरहाइडे हीही नावाजलेली ठिकाणं. पुढे लिहिलेलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

मुक्कामाला मोर्झीन घ्या. ते सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे, गावातूनच लिफ्ट निघतात, सायकलची दुकानं हाकेच्या अंतरावर.

कधी जायचं?

आपली मे महिन्याची सुट्टी इथे कामाची नाही. मे महिन्यात वरच्या वाटांवर बर्फ असतो आणि लिफ्ट बंद. हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. म्हणजे सह्याद्रीत पाऊस कोसळत असताना आणि आपल्या पायवाटा चिखलात बुडालेल्या असताना तिकडे ऐन बहर. माझी पसंती जुलैच्या पहिल्या पंधरवड्याला: रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि कुरणं फुलांनी भरलेली असतात. ऑगस्टच्या मध्यावर फ्रेंच लोकांची सुट्ट्यांची गर्दी असते. सप्टेंबर शांत, पण घरी गणपती असतील तर तारखा आधी पाहून घ्या. प्रत्येक लिफ्टची उघडण्याची आणि बंद होण्याची तारीख वेगळी असते, म्हणून ती तपासल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

व्हिसा आणि विमा

शेंगेन व्हिसाचा (फ्रान्स, स्वित्झर्लंड धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा भराभर संपतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच कामाला लागा. अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. मोर्झीनला राहून रोज स्वित्झर्लंडमध्ये सायकल नेलीत तरी तो फ्रान्सकडेच. डोंगरावर सरहद्द ओलांडताना सहसा कुणी विचारत नाही, पण पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाठीवरच्या बॅगेत ठेवाच.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण व्हिसा मिळाला म्हणजे विमा पुरेसा झाला असं समजू नका. प्रवास विम्याच्या कितीतरी पॉलिसी साहसी खेळ वगळतात. पॉलिसीतलं ‘काय वगळलं आहे’ हे पान शब्द न् शब्द वाचा. डाउनहिल सायकलिंग, लिफ्टने जाऊन उतरणं, डोंगरावरून हेलिकॉप्टरने सुटका, या तिन्हींबद्दल विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर आलं की बिल हजारो फ्रँकांत जातं. मदतीसाठी ११२ हा नंबर दोन्ही देशांत चालतो. स्विस हवाई बचाव सेवेचा नंबर १४१४.

पोहोचायचं कसं?

जवळचा विमानतळ जिनिव्हा. तिथून मोर्झीन रस्त्याने साधारण दीड तासावर; हंगामात सायकलवाल्यांसाठी व्हॅनची सेवा असते, ती आधी ठरवा. मुंबईहून झुरिकला थेट विमानाने उतरून रेल्वेने जिनिव्हा गाठता येतं. स्विस बाजूला राहायचं असेल तर एग्लहून छोटी आगगाडी थेट शाँपेरीला चढते. एग्लमध्ये जागतिक सायकलिंग महासंघाचं मुख्यालय आहे, गाडी बदलताना तेवढं पाहून या.

सायकल न्यायची की भाड्याने घ्यायची?

पहिल्या वेळी भाड्याने घ्या. खोका, वजन, विमान कंपनीचे नियम, आणि उतरल्यावर वाकलेला डिस्क रोटर (ब्रेकची चकती), यात सुट्टीचा एक दिवस जातो. शिवाय पुण्याच्या टेकड्यांवर उत्तम चालणारी हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) तिथल्या सलग उतारांवर हातापायांचे हाल करते. १५०-१७० मिलिमीटर सस्पेन्शनची एन्ड्युरो सायकल, म्हणजे खडतर लांब उतारांसाठी पुढे-मागे सस्पेन्शन असलेली, मागा. ई-बाइक हवी असेल तर तीही तिथेच घ्यायची, कारण तिची मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. घरून न्यायच्या गोष्टी म्हणजे अंगाला लागणाऱ्या: नीट बसणारं फुल-फेस हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड, ग्लोव्ज, चपट्या पेडलवर पकड घेणारे बूट.

दुकानातून बाहेर पडण्याआधी ब्रेक तपासा, आणि हे मी जीव तोडून सांगतोय. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. तिकडे तो सहसा डाव्या हाताला. पहिल्याच सकाळी सवयीने, मागचा समजून मी डावा ब्रेक करकचून दाबला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून पुढे गवतात. खाली दगड असता तर गळ्याचं हाड गेलं असतं. दुकानदाराला आधीच सांगितलंत तर काही ठिकाणी ब्रेक डावे-उजवे बदलून देतात. नाहीतर सपाट जागेवर अर्धा तास फक्त थांबण्याचा सराव करा. आपलं वजन सांगून शॉकमधली (धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनमधली) हवाही बसवून घ्या: सायकलवर बसल्यावर शॉक साधारण पाव भाग दबला पाहिजे. आधीचे ओरखडे फोटोत टिपून ठेवा, अनामत परत घेताना वाद होत नाही.

शरीराची तयारी

लिफ्ट आहे म्हणजे दम लागणार नाही, असा समज असतो. उतारावर पायांआधी हात दगा देतात. दुपारपर्यंत बोटं इतकी आखडतात की लिव्हर ओढवत नाही. तीन महिने आधीपासून रोज जोर-बैठका काढा आणि दांड्याला लटकून पकड वाढवा. जमेल तेव्हा जवळच्या घाटात लांब उतार उभं राहून उतरा. ब्रेक लिव्हरवर एकच बोट ठेवायची सवय इथेच लावा. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचा. सतत ब्रेक धरून उतरलात तर हात आणि ब्रेक पॅड दोन्ही जळतात.

डोंगरावरचे दिवस

वाटांना हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग असतात. हिरवा सगळ्यात सोपा. तुम्ही कितीही पटाईत असलात तरी पहिला दिवस ले जेच्या बाजूला हिरव्या-निळ्यावर काढा. दुसऱ्या दिवसापासून रंग चढवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायकलला हात लावू नका. मोंत्रियोंच्या तळ्याकाठी जाऊन बसा. बरेच अपघात थकलेल्या दुपारीच होतात.

मग एक दिवस आव्होरियाझ ओलांडून शातेलकडे जा. वाटेत ले लेंदारे नावाची वाडी लागते. तिथे उन्हाळ्यात शेळ्या मोकळ्या फिरतात, थेट टेबलाशी येऊन उभ्या राहतात. पुढच्या आबोंदांस खोऱ्याच्या नावाचं चीज आहे आणि गाईही. त्यांच्या गळ्यातल्या घंटा धुक्यात वाट सापडण्याआधी ऐकू येतात. कुरणातलं फाटक उघडलंत तर लावून घ्या. मेंढ्यांचा कळप दिसला तर सायकलवरून उतरून चालत जा, कारण कळपात पांढरे राखणदार कुत्रे असतात आणि वेगाने येणारी कुठलीही गोष्ट त्यांना शत्रू वाटते. पायी चालणाऱ्याला आधी वाट द्या आणि ‘बोंजूर’ म्हणा.

अशा लांबच्या दिवशी सगळं गणित शेवटच्या लिफ्टवर असतं. प्रत्येक लिफ्टची शेवटची वेळ सकाळी कागदावर लिहून घ्या आणि परतीचा क्रम उलटा मोजा. सरहद्दीपलीकडे ले क्रोझेला लिफ्ट चुकली तर मोर्झीनला यायला रस्त्याने डोंगराला अख्खा वळसा पडतो आणि टॅक्सीचं भाडं कंबरडं मोडतं. मी परतीचा रस्ता शेवटच्या लिफ्टच्या दीड तास आधी धरतो. दुपारनंतर वीज आणि गारांचं वादळ अचानक येतं, लिफ्ट लगेच थांबतात. म्हणून लांबचा पल्ला सकाळी. पातळ रेनकोट जुलैतही लागतोच, वर २,००० मीटरच्या पुढे बर्फही पडू शकतो.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांना चीज आणि बटाटा यांपलीकडे फारसं मिळत नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि पोहे बरोबर न्या. रविवारी दुपारी दुकानं बंद होतात, शनिवारीच भाजी आणा. सायकल परत करायचं काम निघायच्या आदल्या संध्याकाळी उरका, धुऊन द्या, आणि दुकानदाराकडून अनामतीची पावती हातात घ्या.