इंग्रजी परीक्षेतल्या विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नांची तयारी

आधी सूचना पूर्ण वाचायची सवय लावा. विरुद्धार्थी शब्द विचारला असला तरी पर्यायांत एखादा समानार्थी हमखास पेरलेला असतो, आणि अर्थ ओळखीचा वाटला की नजर तिथेच थांबते. 'मिटिगेट' म्हणजे तीव्रता कमी करणं; त्याखाली त्याच अर्थाचा 'अलिव्हिएट' दिसेल. उत्तर मात्र 'अ‍ॅग्रव्हेट', म्हणजे आणखी बिघडवणं, हे आहे. म्हणून सराव करताना पर्याय हाताने झाका आणि उलट अर्थ आधी स्वतः ठरवा. मराठीत ठरवला तरी चालतो. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, उलट उधळ्या. मग 'एक्स्ट्रॅव्हगंट' लगेच सापडतो.

सगळ्यात जास्त वेळ द्या उपसर्गांना. 'अन', 'डिस', 'इन', 'इम', 'इल' लागले की अर्थ उलटतो, हे खरं. पण परीक्षक नेमके अपवाद उचलतात. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. 'इनफ्लेमेबल' आणि 'फ्लेमेबल' दोन्ही ज्वालाग्राहीच. 'इनफेमस' माणूस कुप्रसिद्ध असतो, म्हणजे लोकांना ठाऊक असतोच. 'फेमस'च्या उलट 'ऑब्स्क्युअर', म्हणजे फारसा कुणाला माहीत नसलेला. 'डिसइंटरेस्टेड'चा नेमका अर्थ निःपक्षपाती, तेव्हा त्याच्या विरुद्ध 'बायस्ड'. अशा शब्दांसाठी वहीची वेगळी पानं ठेवा. कानाला फसवणारेही त्यातच लिहा: 'एनर्व्हेट' ऐकून उत्साह आठवतो, पण अर्थ आहे गळून जायला लावणं, उलट 'इनव्हिगरेट'.

शब्दाची जात जुळते का, तेही पाहा; विशेषणाला विशेषणच हवं. एका शब्दाला अनेक अर्थ असतील तर वाक्यावरून किंवा पर्यायांवरून ठरवा. 'लाइट'च्या उलट ओझ्याच्या बाबतीत 'हेवी', रंगाच्या बाबतीत 'डार्क'.

तीव्रतेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि शेवटच्या दोन पर्यायांत अडकायला होतं ते त्यामुळेच. 'अडोर' म्हणजे नुसती आवड नव्हे, जिवापाड प्रेम. त्याच्यासमोर 'डिसलाइक' फिकं पडतं, 'लोद' (तीव्र तिरस्कार करणं) बसतं. 'फ्रीझिंग'लाही 'वॉर्म' पुरत नाही, 'बॉइलिंग' लागतं.

पाठांतर जोड्यांचं करा, पण प्रत्येक शब्द एका छोट्या वाक्यात वापरून. 'झेनिथ–नेडिर' (सर्वोच्च–सर्वात खालचा बिंदू), 'व्हर्बोस–टर्स' (पाल्हाळिक–मोजक्या शब्दांतला), 'ट्रान्सपरंट–ओपेक' (पारदर्शक–अपारदर्शक) या जोड्या वारंवार उपयोगी पडतात. मुळं ओळखीची झाली की अनोळखी शब्दही उकलतात: 'बेने' म्हणजे चांगलं, 'मॅल' म्हणजे वाईट, त्यातून 'बेनेव्हलंट–मॅलेव्हलंट'.

प्रत्यक्ष परीक्षेत शब्द अजिबात माहीत नसेल तर एकमेकांच्या विरुद्ध असलेले दोन पर्याय शोधा. बहुधा त्यातला एक दिलेल्या शब्दाचा समानार्थी असतो आणि दुसरा उत्तर. चुकीला गुण कापले जात असतील आणि तेवढाही धागा हाती लागत नसेल, तर प्रश्न सोडून पुढे जा.