यलोनाइफचा पहिला हिवाळा: घराबाहेर कसे पडावे आणि पडल्यावर काय करावे

कॅनडाच्या उत्तरेकडील नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची राजधानी असलेले यलोनाइफ हे साधारण वीस हजार वस्तीचे शहर ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या उत्तर काठावर वसले आहे. २१ डिसेंबरच्या आसपास इथे सूर्य सकाळी दहाच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीनच्या सुमारास मावळतो. जानेवारीचे सरासरी तापमान उणे २५ अंश सेल्सिअसच्या जवळ असते आणि त्याहून कितीतरी खाली गेलेले दिवसही अधूनमधून येतात. शिक्षणासाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी इथे आलेला विशी-पंचविशीतला माणूस बहुधा ऑक्टोबरातच ठरवून टाकतो की, थंडी ओसरेपर्यंत घरात बसून दिवस काढायचे. मीही पहिल्या वर्षी तेच केले, आणि जानेवारी संपेपर्यंत झोपेच्या वेळा इतक्या बिघडल्या की दिवस कोणता आणि रात्र कोणती हे घड्याळात पाहूनच कळू लागले. इथला हिवाळा मोठा असतो, तेव्हा तो बसून काढण्यापेक्षा बाहेर पडण्याची तयारी हीच आधी एखाद्या छंदासारखी शिकून घ्यावी, असे माझे मत आहे. ती हातवळणी पडली की पुढचे सगळे छंद आपोआप आवाक्यात येतात.

सुरुवात अंगाला लागून असलेल्या कपड्यापासून करावी. सुती बनियन घामाने ओला होतो, लवकर वाळत नाही आणि थांबल्यावर अंग गार पाडतो. म्हणून आतला थर लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, त्यावर ऊब धरून ठेवणारा जाड थर आणि सर्वात वर वारा अडवणारा, टोपीला केसाळ कड असलेला पार्का, म्हणजे जाड लांब कोट, असावा. बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घ्यावेत, कारण दोन मोजे कोंबून पाय घट्ट बसला की रक्त नीट खेळत नाही आणि बोटे उलट लवकर बधिर होतात. बोटाबोटांचे हातमोजे उणे ३० ला निरुपयोगी ठरतात. त्याऐवजी चार बोटांना एकच खोळ असलेले मिट्स वापरावेत आणि किल्ली फिरवण्यासाठी किंवा कॅमेऱ्याचे बटण दाबण्यासाठी त्यांच्या आत पातळ हातमोजे घालावेत.

कपडे चढवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी बूट घालून नाड्या बांधाव्यात, कारण पार्का चढवल्यावर वाकता येत नाही. मग किल्ल्या आणि फोन आतल्या खिशात ठेवावेत, मग गळपट्टा आणि टोपी, आणि पार्का अगदी दाराशी पोहोचल्यावर अंगावर घ्यावा. तापवलेल्या घरात पार्का घालून दोन मिनिटे किल्ली शोधत बसलात तर घाम येतो, आणि तोच घाम बाहेर पडल्यावर पाठीवर बर्फासारखा लागतो. स्कीइंगला निघताना मात्र मुद्दाम थोडे कमी कपडे घालावेत. पहिली दहा मिनिटे जरा गार वाटले तर कपडे बरोबर आहेत असे समजावे.

हवामानाच्या अंदाजात तापमानासोबत वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा, म्हणजे विंड चिलचा, आकडा दिलेला असतो. तो आधी पाहावा. हा आकडा उणे २८ ते उणे ३९ च्या दरम्यान असेल तर उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, आणि उणे ४० च्या खाली गेला की पाच-दहा मिनिटेही पुरतात. गाल, नाक आणि कानांच्या पाळ्या यांना आधी धोका असतो, आणि गंमत अशी की त्वचा बधिर झाल्यामुळे ज्याचे नाक गोठत आहे त्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून सोबत्याने दर थोड्या वेळाने एकमेकांचे चेहरे पाहावेत. मेणासारखा पांढरट डाग दिसला तर तो चोळू नये, त्यावर बर्फ तर मुळीच घासू नये. उबदार तळवा हलकेच टेकवून ठेवावा आणि आत जावे. धातूची कर्णभूषणे हिवाळाभर काढून ठेवलेली बरी.

गाडी असेल तर तिच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबणारी विजेची वायर ही ब्लॉक हीटरची, म्हणजे थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या उपकरणाची, असते. रात्रभर जोडून ठेवण्याची गरज नसते. टायमर लावून निघण्याआधी दोन-तीन तास चालू झाला तरी इंजिन सुरू होते. वायर काढायला विसरून गाडी बाहेर काढण्याचा पराक्रम मी एकदा केलेला आहे. पहिली काही मिनिटे चाके चौकोनी झाल्यासारखी धडधडतील. रात्रभर उभी राहिल्याने टायरची खालची बाजू सपाट होऊन कडक झालेली असते, गाडी सावकाश चालवली की ती पूर्ववत होते.

आता छंदांकडे वळू. यलोनाइफ रात्री आकाशात झळकणाऱ्या ध्रुवीय प्रकाशाच्या, म्हणजे अरोराच्या, पट्ट्याखालीच येते, त्यामुळे दक्षिणेकडच्या लोकांप्रमाणे मोठ्या सौरवादळाची वाट पाहावी लागत नाही. आकाश निरभ्र आहे का, हा प्रश्न इथे सर्वात महत्त्वाचा असतो. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत हा प्रकाश दिसू शकतो. सप्टेंबरात सरोवरे गोठलेली नसतात, म्हणून पाण्यात त्याचे प्रतिबिंब मिळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र उबदार पाण्यावरून उठणाऱ्या वाफेमुळे ढग फार असतात; तेव्हा निराश होऊन कॅमेरा विकू नये. फेब्रुवारी आणि मार्च हे महिने मला सर्वात आवडतात, कारण आकाश बहुधा स्वच्छ असते आणि थंडीही हळूहळू ढिली पडू लागते.

शहराच्या दिव्यांपासून दूर जाण्यासाठी इंग्रॅहम ट्रेल हा रस्ता सोयीचा आहे. तो पूर्वेकडे सुमारे सत्तर किलोमीटर जातो आणि वाटेत प्रॉस्परस, प्रील्यूड अशी सरोवरे लागतात. गाडी नसेल तर जुन्या वस्तीतल्या पायलट्स मॉन्युमेंटच्या खडकावर चढावे. ट्रायपॉड घट्ट रोवावा, भिंग एफ २.८ इतके उघडे ठेवावे, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० ते ३२०० ठेवावा. प्रकाश संथपणे पसरलेला असेल तर शटर आठ ते पंधरा सेकंद उघडे ठेवावे आणि तो नाचू लागला की दोन ते चार सेकंदांवर आणावे, नाहीतर प्रकाशाच्या पडद्याच्या सगळ्या चुण्या एकमेकींत मिसळून नुसता हिरवा धूर दिसतो. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने साधावा आणि भिंगाची फोकसची कडी चिकटपट्टीने जागच्या जागी बसवून टाकावी, कारण मिट्स घातलेल्या हाताचा धक्का केव्हा लागला ते अंधारात समजत नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे वाकून पाहताना श्वास रोखून धरावा. एक उच्छ्वास भिंगावर गेला की त्याचे हिमकण होतात आणि त्या रात्रीचे काम संपते.

बॅटऱ्या दोन-तीन असाव्यात आणि त्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवाव्यात. संपलेली वाटणारी बॅटरी काखेजवळ गरम केली की पुन्हा थोडा वेळ चालते. घरात परतण्याआधी कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करावे आणि दोन-तीन तास ती पिशवी उघडू नये. घाई केली तर घरातील दमट हवा थंड काचेवर आणि आतल्या भागांवर पाणी होऊन बसते. छायाचित्रातला गडद हिरवा रंग डोळ्यांना पुष्कळदा राखाडी पांढुरका दिसतो, यात फसवणूक काही नाही. मंद प्रकाशात डोळ्याला रंग नीट ओळखता येत नाहीत. हिरवा रंग साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनमुळे येतो, त्याच्याही वरचा तांबडा ऑक्सिजनचाच असतो, आणि खालच्या कडेची गुलाबी झालर नायट्रोजनची असते.

गोठलेल्या सरोवरावरची मासेमारी हा दुसरा छंद. त्यासाठी मासेमारीचा परवाना काढावा लागतो, आणि कोणते मासे किती ठेवता येतात याचे नियम आधी वाचून घ्यावेत. बर्फावर एकट्याने चालण्यासाठी निदान पंधरा आणि स्नोमोबिल (बर्फावर चालणारी छोटी मोटारगाडी) नेण्यासाठी निदान पंचवीस सेंटिमीटर जाडी असावी, असे सांगितले जाते; हा हिशेब पारदर्शक निळसर बर्फाचा आहे. पांढरा, दुधाळ बर्फ तितकाच भार पेलण्यासाठी दुप्पट जाड लागतो आणि करड्या बर्फावर पाऊलच ठेवू नये. सुरुवातीला पहार आपटत पुढे जावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे अनेक हिवाळे काढलेल्या माणसासोबतच जावे. नदीच्या मुखाजवळ आणि प्रवाहाच्या जागी बर्फ पातळ असतो, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक असते.

ऑगरने, म्हणजे बर्फाला भोक पाडणाऱ्या मोठ्या गिरमिटाने, भोक पाडले की त्यात लगेच बर्फाचा चुरा तरंगू लागतो. तो काढण्याचे साधन हुबेहूब आपल्या स्वयंपाकघरातल्या झाऱ्यासारखे असते आणि दर पाच-दहा मिनिटांनी ते चालवत राहावे लागते. गळ तळाशी सोडावा, हातभर वर ओढावा आणि मग अधूनमधून हलवत राहावे. लेक ट्राउट, नॉर्दर्न पाइक आणि व्हाइटफिश हे इथले नेहमीचे मासे. वर काढलेला मासा बर्फावर ठेवला की थोड्याच वेळात लाकडासारखा कडक होतो, म्हणून तो साफ करायचा असेल तर लगेच करावा. मध्येच पायाखालून तोफ उडाल्यासारखा आवाज आला तर पळू नये. तापमान बदलले की जाड बर्फ आकसतो, फुगतो आणि तडकतो, त्याचा तो आवाज असतो. ज्यांना मासे नको असतील त्यांनी देट्टा या डेने आदिवासींच्या वस्तीपर्यंतचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बर्फावरचा रस्ता पाहावा. तो खुला झाल्याची आणि किती वजनाची गाडी नेता येईल याची अधिकृत सूचना निघते, तीच प्रमाण मानावी.

बाहेर पडणे शक्यच नसेल अशा दिवसांसाठी व्यायामशाळेतले उत्तरी खेळ आहेत. १९७० साली यलोनाइफमध्येच सुरू झालेल्या आर्क्टिक विंटर गेम्समध्ये डेने आणि इनुइट या उत्तरेकडच्या आदिवासी लोकांचे पारंपरिक खेळ खेळले जातात. टांगलेल्या लक्ष्याला उडी मारून एका पायाने लाथ मारायची आणि त्याच पायावर उतरायचे, हा त्यातला एक. पाहताना सोपा वाटतो, करून पाहिल्यावर गुडघे वेगळे सांगतात. तेल-चरबी लावलेली निमुळती काठी प्रतिस्पर्ध्याच्या हातातून ओढून घेण्याचा खेळ नवख्याने आधी शिकावा. सराव कुठे चालतो हे सहकाऱ्यांना विचारावे. नव्या माणसाला सहसा नाही म्हणत नाहीत.

मार्चमध्ये यलोनाइफ बेच्या गोठलेल्या पाण्यावर हिमाचा किल्ला उभा राहतो आणि तिथे स्नोकिंग (हिमराजा) नावाचा हिवाळी महोत्सव भरतो. त्या सुमारास दिवस रोज पाचसहा मिनिटांनी मोठा होत असतो, आणि अंगातला आळसही त्याच वेगाने उतरतो. पण याच दिवसांत सावधगिरी सुटते. एप्रिल-मेमध्ये ऊन लागून बर्फ आतून सुटा होऊ लागतो आणि उभ्या सुयांच्या जुडग्यासारखा बनतो. मोजला तर जाडी भरपूर भरते, पण भार पेलण्याची ताकद गेलेली असते. काठाशी पाण्याची पट्टी दिसू लागली की मध्यभाग कितीही पांढरा शुभ्र दिसो, ऑगरची पाती पुसून, तेल लावून तो पुढच्या डिसेंबरपर्यंत कपाटात ठेवून द्यावा.