नाइट शिफ्टला लागायच्या आधी मला कुणी सांगितलं नाही ते

बहिणीचा पोरगा बीकॉम होऊन कॉल सेंटरचे इंटरव्ह्यू देत फिरतोय आणि रोज काहीतरी विचारतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी २०१० ला पुण्यात लागलो, अमेरिकेतल्या फोन कंपनीचं बिलिंग, व्हॉइस प्रोसेस, म्हणजे गिऱ्हाईकाशी फोनवर बोलायचं काम.

पहिले पंधरा दिवस व्हॉइस अँड ॲक्सेंट, म्हणजे इंग्रजी उच्चारांचं ट्रेनिंग. आपली मराठी पोरं तिथे 'व'वर अडकतात, वाईन आणि व्हाईन सारखंच म्हणतो आपण. घाबरू नका, सुटतं ते.

मग केटी सुरू झाली, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. ओहायोतली एक बाई व्हिडिओवर शिकवायची, सतरा वर्षं तेच काम केलेली. मॅन्युअलमधे नसलेलं पण सांगायची, म्हातारं माणूस चिडलं असेल तर बिल उघडू नका, आधी त्याला बोलू द्या. शेवटच्या आठवड्यात टीएलकडून, म्हणजे टीम लीडरकडून, कळलं की तिची अख्खी टीम बंद होतेय आणि आम्ही बसणार ते तिच्याच जागेवर. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, पहिला पगार हातात आला आणि विसरलो.

गिऱ्हाईकाचं काय झालं? तिकडची बिलं रोज माझ्या स्क्रीनवर असायची, कमी झालेली मला तरी दिसली नाहीत. वर आम्हाला एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, सांभाळायचा, कॉल लांबला की टीएल मागे येऊन उभा, मग काय, द्यायचा दुसऱ्या डिपार्टमेंटला ट्रान्सफर करून, तो बिचारा परत फोन करणार, परत सगळं पहिल्यापासून सांगणार, आणि आमचे आकडे मात्र झकास. अशाच तक्रारींमुळे डेलने २००३ मधेच काही कॉर्पोरेट गिऱ्हाईकांचा सपोर्ट भारतातून परत अमेरिकेत नेला होता.

आता कामाचं. तिकडची सकाळी नऊची शिफ्ट म्हणजे ईस्ट कोस्टसाठी आपले संध्याकाळी साडेसहा, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात. कॅब दोन्हीकडून आहे की फक्त ड्रॉप, नाइट अलाउन्स सीटीसीत (कंपनी वर्षाला तुमच्यावर करते तो एकूण खर्च) धरलाय का वेगळा, बाँड आहे का, हे एचआरला तोंडावर विचारा. ओरिजिनल मार्कशीट कुणी ठेवून घेत असेल तर उठून या. आणि नुसती स्क्रिप्ट पाठ करू नका, बिल बनतं कसं ते समजून घ्या. आमच्यातल्या ज्यांनी ते केलं ते नंतर फायनान्सच्या बॅक ऑफिसला गेले, बाकीचे त्याच पगारात दुसऱ्या फ्लोअरवर.

कारण तीन वर्षांनी आमची प्रोसेस मनिलाला गेली. तेव्हा फिलिपिन्स व्हॉइसमधे आपल्या पुढे निघून गेला होता, त्यांचं इंग्रजी अमेरिकन कानाला जवळचं. या वेळी केटी द्यायला आम्ही. मी पण तेच सांगितलं, म्हातारं माणूस चिडलं असेल तर आधी बोलू द्या. शेवटच्या दिवशी तिकडच्या एका पोरीने विचारलं, सर, आता तुम्ही काय करणार?

ओहायोवालीला आम्ही एवढंही विचारलं नव्हतं.