सुपरहिरो संघांच्या फिगर विकताय? या चुका टाळा

बहुतेक नवखे फिगरच्या (संग्राहकांसाठीच्या खेळण्यातल्या पुतळ्यांच्या) पहिल्याच केसला, म्हणजे घाऊक खोक्याला, फसतात, कारण संघातल्या प्रत्येक नगाला ते एकच भाव लावतात. घाऊक दर सारखा, मग विक्रीचाही सारखा, एवढाच विचार. पण उठाव कधीच सारखा नसतो आणि तो पात्राच्या प्रसिद्धीवरही ठरत नाही. ‘एक्स-मेन’मधल्या वुल्व्हरिनला सगळे ओळखतात, पण त्याच्या इतक्या फिगर निघाल्यात की संग्राहकाकडे दोन-तीन आधीच असतात. उलट एखादा दुय्यम सदस्य त्या मापात पहिल्यांदाच आला, तर तो आधी संपतो. संघ पुरा व्हायला तोच अडलेला असतो.

हिशेब मांडून पाहा. ८ नगांची केस, वाहतूक आणि कर धरून नग १०० ला पडला. सगळे १३० ला लावले, विक्रीवर कमिशन १२ टक्के. पाच नग भराभर गेले की हातात ५७२ येतात. २२८ उरलेल्या तिघांत अडकतात. ते हलत नाहीत म्हणून शेवटी ८० ला काढले, तर २११ सुटतात. म्हणजे पाच नग हातोहात खपूनही केस तोट्यात. त्याऐवजी मागणीचे दोन १७० ला, मधले तीन १३५ ला आणि जड, म्हणजे हळू खपणारे, तीन १०५ ला लावा. पहिल्या पाचांतच ६५६ हाती येतात. जड नग पुढे ८० ला गेले तरी ६७ नफा राहतो. हे भाव पहिल्याच दिवशी ठरवा. बुकिंग झाल्यावर भाव वाढवला की गिऱ्हाईक परत येत नाही.

जड नग स्वस्तात काढण्याआधी खोक्याची मागची बाजू वाचा. ‘मार्व्हल लेजेंड्स’ या फिगर-मालिकेच्या बऱ्याच वेव्हमध्ये (एकत्र निघणाऱ्या संचांमध्ये) प्रत्येक खोक्यात एका मोठ्या फिगरचा अवयव असतो. हात-पाय जमवलेला माणूस केवळ धडासाठी नावडते पात्रही घेतो, फक्त जरा उशिरा येतो. अवयव काढून घेऊन खोके पुन्हा चिकटवायचे आणि ‘नवीन’ म्हणून विकायचे, ही सरळ फसवणूक आहे.

दुसरी चूक म्हणजे मागितलेल्या भावाला बाजारभाव समजणे. कोणीही कितीही मागू शकतो. विकल्या गेलेल्या नोंदीच पाहा: शेवटच्या दहा घ्या, सर्वांत वरची आणि खालची सोडा, उरलेल्यांतला मधला भाव धरा. सीलबंद आणि सुट्या फिगर एकत्र मोजू नका. पाठवणी खर्च भावात आहे की वेगळा, तेही बघा. बंद झालेल्या फिगरचा चढा भाव बहुधा टंचाईवर उभा असतो. कंपनीने पुन्हा काढायची घोषणा केली की माल बाजारात येण्याआधीच तो घसरतो. म्हणून अशा फिगरचे दोनपेक्षा जास्त नग धरून बसू नये.

वितरक कोटा कापतात, म्हणजे मागवल्यापेक्षा कमी माल देतात. मागवलेल्या मालाच्या निम्म्याहून अधिक आगाऊ बुकिंग घेऊ नका.

उन्हात मांडणी नको. पारदर्शक प्लास्टिक पिवळे पडते आणि फिगरमागच्या छापील कार्डाचा रंग उडतो.

कार्डवरचा नग पाठवताना खोक्यात खोके हवेच, चारही बाजूंनी दोन बोटे भरण ठेवून. कोपरा दुमडला की संग्राहक नग परत करतो. परतीत जुनी फिगर भरून पाठवणारेही असतात, त्यामुळे पॅक करण्याआधी चारही कोपरे, सील आणि छापलेला उत्पादन कोड यांचे फोटो काढून ऑर्डर क्रमांकासह जपून ठेवा.