'काउन्सेलर'च्या रकान्यात नाव कुणाचं लिहायचं?

तासगावजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी २२ वर्षं इंग्रजी शिकवतोय. काही वर्षांपूर्वी बारावी सायन्सची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, अमेरिकेतल्या कॉलेजचा फॉर्म भरतेय. काउन्सेलरचा ईमेल मागतायत. आपल्याकडे कोण आहे?" काउन्सेलर म्हणजे शाळेच्या वतीने विद्यार्थ्याचे मार्क आणि माहिती तिकडे पाठवणारा माणूस. आमच्याकडे कुणीच नव्हतं. त्या दिवसापासून मी आहे.

तुमच्या कॉलेजातही हे पद नसणार. काही बिघडत नाही. प्राचार्य, उपप्राचार्य किंवा तुम्हाला ओळखणारे एखादे शिक्षक हे काम करू शकतात, पण त्यांना आधी विचारा आणि ऑगस्टमध्येच विचारा. 'कॉमन ॲप', म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं. एका खात्यातून २० कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो. शिक्षकांना फॉर्मची लिंक ईमेलवर जाते, म्हणून पत्ता त्यांच्या रोजच्या वापरातलाच हवा. माझ्या पहिल्या वर्षी ती लिंक तीन आठवडे स्पॅममध्ये पडून होती. आणि कृपा करून प्राचार्यांच्या नावाने स्वतःच ईमेल उघडू नका. सर कॉम्प्युटरला हात लावत नसतील, तर त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याकडून भरून घ्या.

आता नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाची ओळ स्वतंत्र, आणि बहुतेकांचं स्वतःचं व वडिलांचं नाव एकाच ओळीत. फॉर्म पासपोर्टप्रमाणे भरा: पहिलं नाव तुमचं, मधलं वडिलांचं, शेवटी आडनाव. गुणपत्रिका बघून भरलात, तर तिकडचे लोक तुम्हाला 'प्रिय पाटील' म्हणून पत्र पाठवतील. पासपोर्ट नसेल तर आधी तो काढा.

मार्कांचं रूपांतर करू नका. टक्क्यांचे ४ पैकी गुण करून देणारी कोष्टकं इंटरनेटवर ढिगाने आहेत, ती बंद करा. ८७ टक्के असतील तर ८७ लिहा, मोजपट्टी १०० ची निवडा. जीपीए (तिकडची गुणांची सरासरी) आणि वर्गातला क्रमांक आम्ही देत नाही, असं शाळा तिच्या फॉर्ममध्ये कळवू शकते. मार्क नववीपासूनचे लागतात, आणि इथे आपली खरी पंचाईत. नववी-दहावी हायस्कुलात, अकरावी-बारावी आमच्याकडे. हायस्कुलात जाऊन नववीचं प्रगतिपुस्तक शोधा. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्या. दिवाळीच्या सुट्टीत कारकून भेटत नाहीत, आणि लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते. हिशेब तुम्हीच करा.

मग उपक्रमांचे १० रकाने. प्रत्येकात वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. त्या मुलीने तिसरीतल्या चित्रकला स्पर्धेपासून सगळं कोंबलं होतं. मी विचारलं, "पहाटे काय करतेस गं?" म्हणाली, "तीन म्हशींची धार काढते, डेअरीला दूध घालते, मग कॉलेजला येते. पण सर, ते काय ॲक्टिव्हिटी आहे होय?" आहे. यादीत 'घरच्या जबाबदाऱ्या' असा स्वतंत्र प्रकारच आहे, पगारी कामाचाही आहे. आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे विचारतात, ते खरे लिहा. म्हशीला रविवार नसतो, तेव्हा ५२ आठवडे. भाषांच्या रकान्यातही पहिली भाषा मराठीच लिहा. इंग्रजी लिहून भाव वाढत नाही.

निबंध ६५० शब्दांच्या आत. त्यावर मी फार बोलत नाही. वाचल्यावर तुमच्या मित्राला 'हा तूच' असं वाटलं पाहिजे, एवढंच.

शिफारसपत्रांबद्दल मात्र माझ्या सहकाऱ्यांना सांगायचंय. 'प्रामाणिक, आज्ञाधारक व कष्टाळू' हे शब्द शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी ठेवा. एक प्रसंग लिहा. "तूच लिहून आण, मी सही करतो" ही आपली जुनी सवयही मोडा. विद्यार्थ्याने पत्र वाचण्याचा हक्क सोडलाय का, असा प्रश्न फॉर्ममध्ये असतो. मुलांनो, हक्क सोडा. नाहीतर त्या पत्राला वजन राहत नाही.

पैशांचा भाग आईवडिलांसोबत बसून भरा. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश ठरवणारी कॉलेजं मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही त्यांतली. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली तर निवडीवर परिणाम होतो. तरीही गरज असेल तर अर्जातच मागा. 'आधी प्रवेश मिळू दे, मग बघू' हा बेत बऱ्याच कॉलेजांत चालत नाही. उत्पन्न वर्षाचं लिहायचं असतं, महिन्याचं नव्हे. नोकरी असेल तर फॉर्म १६, शेती असेल तर तहसीलदारांचा दाखला आणि त्याचं भाषांतर. द्राक्षाचं एक वर्ष गारपिटीत गेलं असेल, तर तेही दोन ओळींत कळवा. आकडे टाकताना शून्यं मोजा. लाखाचा स्वल्पविराम तिकडे वेगळ्या जागी पडतो.

मुदत तुमच्या घड्याळाप्रमाणे रात्री ११:५९ ला संपते. 'अमेरिकेत अजून सकाळ आहे' यावर विसंबू नका. आमच्याकडे लाईट नेमकी साडेअकराला जाते.

मार्चअखेर बऱ्याच कॉलेजांचे निकाल लागतात, तेव्हा बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली असते. होकार आला तरी अंतिम मार्क शाळेकडून जावे लागतात. बोर्डाचा निकाल मे महिन्यात, मूळ गुणपत्रिका त्यानंतर काही दिवसांनी. पोरं पेढे देऊन पसार होतात आणि हे मार्क पाठवायचा फॉर्म, 'फायनल रिपोर्ट', राहून जातो. म्हणून मी पेढा हातात घेतो, पण गुणपत्रिकेची प्रत मिळाल्याशिवाय तोंडात टाकत नाही.